गोधडीचा निळा गोट

माझी नात जन्मली तेव्हा तिचे वजन बेताचेच भरले होते. घरी सोडताना जव्हारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला, पत्नीला आणि आमच्या मुलीला समोर उभे करून नीट बजावले. बाळाला आईचे दूध द्या आणि ऊब द्या. थंडीचे दिवस आहेत, तिला गार पडू देऊ नका. हातपाय किंवा ओठ निळसर दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, तसेच उठून इकडे या. पत्नी मान डोलावत होती. मुलगी रडवेली झाली होती. आणि मी, हे लिहिताना अजूनही संकोच वाटतो, मनातल्या मनात हुरळलो होतो. ऊब हा शब्द कानावर पडताच मला घरच्या लोखंडी ट्रंकेतले कापड आठवले होते.

ते कापड कसे जमले ते सांगायला हवे. मी मोखाड्यात एका सरकारी कार्यालयात लेखनिक आहे आणि आमचे बिऱ्हाडही तिथेच आहे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भाजी आणायला जातो. भाजीच्या आधी कापडवाल्यांच्या ताडपत्र्या लागतात. त्यांच्यावर ताग्यांचे उरलेले शेवट, डागी म्हणून बाजूला काढलेले तुकडे, कुठल्याशा दुकानाने निकालात काढलेले कटपीस यांचे ढीग असतात. मला शर्ट शिवायचा नसतो, पडदे लावायचे नसतात. तरी एखादा तुकडा लावणीच्या रोपासारखा हिरवा असतो, एखादा पिकल्या करवंदासारखा काळाजांभळा, आणि हात आपोआप पुढे जातो. हात लावेपर्यंत मी शहाणा असतो. बोटांना सूत कळले की माझा विचार संपतो. कापड पिशवीत पडल्यावर मी स्वतःला पटवू लागतो की यातून उशांचे अभ्रे तरी होतील. घरी नेताना मी तो तुकडा भाजीच्या तळाशी ठेवत असे. पत्नी पिशवी उलटी करी, आणि मेथीच्या जुडीवर तो अलगद येऊन पडे.

"ही कुठली भाजी?" ती विचारी.

"सूत चांगलं आहे गं," मी म्हणे.

"हो का! मग फोडणी कशाची देऊ, मोहरीची की जिऱ्याची?"

ट्रंक भरली, मग ट्रंकेवर गाठोडी बसली. एका रविवारी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, कापड आणणारे तुम्ही, तर शिवणारेही तुम्हीच व्हा. मी काही तुमच्या हौसेचं गोडाऊन उघडलेलं नाही." ती रागाने बोलली होती, पण मला ती वाट खरीच दिसली. लहानपणी आई गोधडी शिवायला बसली की सुईत दोरा ओवून देणे हे माझे काम असे. तेवढ्याच शिदोरीवर मी जमिनीवर कापडे पसरली आणि सुरुवात केली.

त्यालाही आता काही वर्षे झाली. गोधडी शिवण्यातला मला सर्वांत आवडणारा भाग शिवण्याआधीचा आहे. चौकोन कापून जमिनीवर मांडायचे, उठून दाराशी जाऊन पाहायचे, एखादा उचलून दुसरीकडे ठेवायचा, पुन्हा दाराशी जायचे. ज्या दोन रंगांचे कधी जमणार नाही असे वाटते त्यांच्यामध्ये तिसरा एखादा फिकट तुकडा ठेवला की दोघेही निवळतात. पत्नी त्या मांडणीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात जाते आणि येताना विचारते, "रांगोळी झाली असेल तर ताटं घेऊ का?" मी कापड घेतो ते अधीरपणे, ते एका जागी बसवतो ते मात्र फार सावकाश. या सावकाशपणाने त्या अधीरपणाची भरपाई होत असावी, अशी माझी समजूत होती. ही समजूत मी कधी तपासून पाहिली नव्हती.

तान्ह्या बाळाला नवे कापड लावायचे नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असते, बाळाच्या कातडीला टोचते. म्हणून दुपटी शिवायची ती वापरून वापरून मऊ झालेल्या साड्यांची आणि धोतरांची. पत्नीने मुलगी बाळंतपणाला घरी येण्याआधीच तशी दुपटी शिवून, धुऊन, घड्या घालून ठेवली होती. मी गोधडीचा विषय काढला तेव्हा तिने आधी ऐकलेच नाही. दोन दिवसांनी मी पुन्हा काढला.

"थंडी वाढतेय," मी म्हणालो. "दुपट्यानं काय होणार? थोडी जाड, पण हलकी अशी एक गोधडी..."

"नव्या कापडाची?"

"आतून जुनंच लावू. वरून फक्त नवं."

मुलगी अंथरुणावरून म्हणाली, "आई, करू दे ना बाबांना. नाहीतर ते घरभर येरझाऱ्या घालतील."

"मग माझी अट ऐका," पत्नी म्हणाली. "प्रत्येक तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवायचा, खळबळून काढायचा, उन्हात वाळवायचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. एकही तुकडा सुटता कामा नये."

मी ते सगळे केले, हे मला सांगितलेच पाहिजे. घमेल्यात मीठ घालून तुकडे भिजवले, दगडावर चोळले, पुन्हा भिजवले. पिवळ्याने थोडा रंग सोडला आणि थांबला. हिरव्याने अधिक सोडला, पण तोही थांबला. एक लाल तुकडा मला फार प्रिय होता. त्याचे पाणी काही केल्या स्वच्छ होईना. मी तो मनावर दगड ठेवून बाजूला काढला आणि त्या त्यागाचे स्वतःशीच कौतुक केले. मांडणी मी खुरासणीच्या शेतासारखी ठरवली होती. पावसाळा सरल्यावर आमच्याकडचे डोंगरउतार खुरासणीने पिवळे होतात, तसे लहान पिवळे चौकोन, मधूनमधून हिरवे, आणि त्यांना मोकळीक मिळावी म्हणून पांढरे. पोटात पत्नीची एक जुनी मऊ साडी आणि बाळाच्या अंगाकडे माझ्या वडिलांचे विरलेले धोतर. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत जात मी मध्यापर्यंत पोचलो. आता राहिला तो फक्त गोट, म्हणजे चारही कडांवर दुमडून लावायची पट्टी.

गोटासाठी माझ्याकडच्या धुतलेल्या कापडांत योग्य असे काही नव्हते. पिवळा गोट लावला तर शेताला बांध राहत नव्हता, हिरवा लावला तर तो निस्तेज दिसत होता. त्या आठवड्याच्या बाजारात मला ते निळे कापड दिसले. निळे म्हणजे गडद निळे, दिवस मावळल्यावर डोंगर जसे दिसतात तसे. बोटांनी सूत पाहिले आणि पुढचे सांगायला नको. कापडवाल्याला मी रंगाबद्दल काही विचारले नाही, आणि त्यानेही काही सांगितले नाही.

घरी आल्यावर ते भिजवायला हवे होते. पण त्या दिवशी थंडी अचानक वाढली होती, आभाळ भरून आले होते, कापड वाळायला दोन दिवस तरी गेले असते. मी स्वतःशी हिशेब मांडला तो असा: गोट तो केवढा, बोटभर रुंदीची पट्टी, ती कडेला असणार, बाळाच्या अंगाला ती लागणार कुठे? बाळाला ऊब लवकर मिळणे महत्त्वाचे. हा विचार इतका समजूतदार होता की त्यामागे दडलेली घाई मला दिसली नाही. दोन संध्याकाळी बसून मी गोट लावला. शिवताना बोटांची टोके निळसर झालेली मला दिसली होती. पण कार्यालयात दिवसभर माझा हात शिक्क्याच्या पॅडवर असतो, आणि निळी बोटे घेऊन घरी येण्याची मला वर्षानुवर्षांची सवय आहे. मी साबणाने हात धुतले आणि पुन्हा शिवायला बसलो.

शनिवारी पत्नीने तयार गोधडी हातात घेतली, उलटून पाहिली, नखाने एक-दोन टाके ओढून पाहिले. "टाके बरे आलेत," ती म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकलेली नाही. गोट धुतला का, असे तिने विचारले नाही, कारण ते झालेच असणार असे ती धरून चालली होती. मी सांगितले नाही. त्या वेळी मला ते न सांगणे वाटलेच नाही. सांगण्यासारखे काही नाही, असे वाटले.

रविवारी सकाळी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी तेल कोमट करून बाळाला चोळले, न्हाऊ घातले, ओव्याची धुरी दिली, आणि तेलाने चमकणारे ते एवढेसे अंग नव्या गोधडीत हनुवटीपर्यंत गुंडाळून टाकले. "आजाने शिवली काय? अशी झोपल ना आता!" त्या म्हणाल्या. बाळ खरोखरच झोपले. मी आनंदात होतो. इतका आनंदात, की उजेड हवा म्हणून खिडकी उघडली आणि दुसऱ्या गोधडीचे चौकोन जमिनीवर मांडायला बसलो.

दुपारी मुलीने बाळाला पाजायला उचलले. गोधडी सोडवली. आणि मग तिची हाक आली, "आई!" त्या एका हाकेने आम्ही दोघेही आपापल्या जागेवरून उठलो.

बाळाचे तळवे निळे झाले होते. हाताची मूठ उघडली तर बोटांच्या मधली जागा निळी. ती मूठ झोपेत तोंडाशी गेलेली असणार, कारण ओठांच्या कडाही निळ्या होत्या. हनुवटीखाली निळसर छाया होती. पत्नीने बाळाच्या छातीवर हात ठेवला. मावशी आमची दुपारची भांडीही घासून जात; त्या निघण्याच्या बेतात होत्या. त्या पुढे आल्या, त्यांनी पाहिले, आणि त्यांचाही चेहरा उतरला. "अशी सकाळी नव्हती ती," त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंचे शब्द आम्हा तिघांनाही आठवले होते.  मुलीने बाळाला आपल्या शालीत गुंडाळून पोटाशी धरले, पत्नीने पिशवी उचलली, मी गोधडी उचलली, आणि आम्ही निघालो.

स्टँडवर जव्हारची जीप अर्धी भरून उभी होती. चालक टपाला टेकून माणसांची वाट पाहत होता. आम्हाला येताना पाहून त्याने दार उघडले आणि आतल्यांना म्हणाला, "सरका, सरका, पुढची सीट मोकळी करा." सुरू करताना तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "टेन्शन नका घेऊ साहेब. सीट भरत बसणार नाय आज."

मागे साखरशेतला जाणारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने वाकून पाहिले. "पोराला काय झाला, दादा?"

"निळी पडलीय," माझी मुलगी म्हणाली आणि तिला रडू फुटले.

"रडू नको. पोटाशी घट्ट घे. तुझा अंग लागू दे तिला."

तिच्या शेजारी बसलेला तरुण म्हणाला, "हार्टचा असंल. आमच्या भिवंडीला शेटच्या पोराला असाच होता. डायरेक्ट मुंबईला नेला."

"तू गप रे," ती बाई म्हणाली. "भिवंडीला जाऊन डाक्टर झाला काय?"

तो बाहेर पाहू लागला. पण त्याचा तो शब्द माझ्या मनात घर करून राहिला. वळणे एकामागून एक येत होती आणि मी मांडीवरची गोधडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, जणू ती सोडली तर काहीतरी निसटेल. आपल्या हातून काय चुकले याचा शोध घेण्याची मला जुनी खोड आहे. त्या रस्त्यावर मी तो शोध घेतला आणि मला उत्तर लगेच मिळाले. खिडकी. उजेडासाठी मी खिडकी उघडी ठेवली होती. अशा थंडीत, अशा बाळाच्या खोलीत, स्वतःच्या हौसेसाठी.

"खिडकी मी उघडी ठेवली होती," मी म्हणालो.

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. "आता गप्प बसा हो," एवढेच ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. तो कठोर असता तर मला बरे वाटले असते.

जव्हार जवळ आले तेव्हा शिरपामाळ पाहून परतणाऱ्यांच्या मोटारी रस्त्यात आडव्यातिडव्या उभ्या होत्या. चालकाने खिडकीतून डोके काढून त्यांना काय सुनावले ते मी इथे लिहीत नाही. जीप थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली, हे लिहितो. आम्ही उतरताना साखरशेतच्या बाईने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच डॉक्टरीणबाई कामावर होत्या. त्यांनी बाळाला टेबलावर घेतले. अंगावरची शाल काढताच बाळाने जे रडे सुरू केले ते बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेले असेल. "रडतेय तर छान," त्या म्हणाल्या. छातीला नळी लावून ऐकले. पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावून शेजारच्या यंत्राकडे पाहिले. हनुवटी खाली ओढून जीभ पाहिली, विजेरी धरून पुन्हा पाहिली. आम्ही तिघे टेबलापासून थोडे दूर उभे होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येते का ते पाहत होतो. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती काळजीची वाटत नव्हती. गणित जुळत नाही म्हणून पडावी तशी ती होती.

"जीभ गुलाबी आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मशीनही ठीक सांगतंय." मग नर्सकडे वळल्या. "कोमट पाण्यात कापूस भिजवून द्या जरा."

त्यांनी बाळाच्या तळपायावरून तो ओला कापूस फिरवला आणि वर उचलून उजेडात धरला. कापूस निळा झाला होता. तळपायावर कापूस फिरला होता तिथे एक स्वच्छ, गुलाबी पट्टा उमटला होता.

 बाळ अजून रडत होते. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. त्यांची नजर मुलीवरून पत्नीवर, पत्नीवरून माझ्यावर आली आणि माझ्या काखेतल्या गोधडीवर थांबली.

"काका, हात दाखवा बरं तुमचे."

मी हात पुढे केले. मोखाड्यापासून घामेजल्या हातांनी मी गोट दाबून धरला होता. दोन्ही तळवे निळे होते.

"अगं बाई!" नर्स म्हणाली. "नीळ घालून काढलीत की काय पोरीला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग न राहवून मोठ्याने. "आजोबा, बाळ ठणठणीत आहे. हा तुमच्या गोधडीचा रंग आहे. तेल लावून गुंडाळलं होतंत ना? तेलानं आणि घामानं सुटला तो."

मुलगी टेबलावर वाकली आणि बाळाच्या पायाला गाल लावून राहिली. तिचा गालही थोडा निळा झाला. पत्नी मागच्या बाकावर बसली. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे हे मला कळेना. मला स्वतःला काय वाटले ते नेमके सांगता येणार नाही.  श्वास आत गेला आणि तो खूप खोलवर गेला, इतका वेळ मी वरवरच श्वास घेत होतो हे तेव्हा कळले. त्या पिवळट भिंतींच्या खोलीत, औषधांच्या वासात, मला सारे काही विलक्षण सुंदर दिसत होते. तो निळा कापूससुद्धा.

"तुम्हाला उगीच त्रास दिला," मी म्हणालो. "मी आपली क्षमा..."

"त्रास कसला?" डॉक्टरीणबाईंनी मला मध्येच थांबवले. "निळं दिसलं आणि तुम्ही लगेच आलात. हेच बरोबर. पुढच्या वेळी दिसलं तर रंग असेल म्हणून घरी बसू नका, पुन्हा या. दर वेळी रंगच असेल असं नाही." मग त्यांनी बाळाला पुसून घेतले, काट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "आणि वजन वाढलंय हो हिचं. काय करताय ते करत राहा. गोधडी सोडून."

थोडा वेळ थांबून मग जा, असे त्यांनी सांगितल्यामुळे आम्ही व्हरांड्यात बसलो. बाळ शालीत दूध पीत होते. त्या शांततेत पत्नीने पहिला प्रश्न विचारला.

"गोट धुतला होतात?"

"नाही."

"का?"

"थंडी वाढली होती. वाळायला वेळ लागला असता. मला वाटलं, कडेचीच पट्टी आहे."

"आणि शिवताना हाताला रंग लागला नाही?"

"लागला होता. मला वाटलं, ऑफिसातली शिक्क्याची शाई असेल."

तिने माझे तळवे उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे नातीवर शिक्का मारून आणलात की! आवक की जावक?"

मुलगी फस्सकन हसली. "आई, नको ना हसवू, टाके ओढतात माझे."

"मी कुठं हसवतेय? मी विचारतेय. मिठाच्या पाण्यात काय काय भिजवलंत ते मला दाखवत होता ना, तो लाल तुकडा टाकून दिला म्हणून दोन दिवस तोंड पाडून फिरत होता ना! आणि शेवटी लावलं काय, तर बाजारातून उचललेलं जसंच्या तसं. जीव गेला होता माझा. वाटेत तुम्ही खिडकी खिडकी करत होता, मला वाटलं ह्यांचं काहीतरी होतंय आता, पोरीला बघू की ह्यांना बघू?"

ती बोलत राहिली. तासभर कोंडलेले शब्द एकामागून एक बाहेर येत होते, आणि मी ते मान खाली घालून ऐकत होतो. मला त्यांतला एकही शब्द जड वाटला नाही. जीपमधला तिचा मऊ आवाज मी विसरणार नाही. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. मी एकदा मान वर केली तेव्हा समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ मोठ्या आपुलकीने माझ्याकडे पाहत होते.

परतीच्या वाटेवर मुलीने जावयाला फोन लावला. तो ठाण्याकडे नोकरीला आहे. दुपारी घाबरून आम्ही त्याला काही कळवलेच नव्हते. तिने सगळे सांगितले, आणि सांगताना तिला इतके हसू येत होते की पलीकडून तो "कोण निळं झालं? बाबा?" असे विचारत असल्याचे मलाही ऐकू आले.

त्या रात्रीपासून पुढचे काही दिवस मी या प्रसंगाचा विचार करत होतो. चूक झाली, हे उघडच होते. मला टोचत होते ते वेगळेच. जीपमध्ये मी मनापासून स्वतःची चूक शोधत होतो, खिडकीपाशी पोचून थांबलो होतो, आणि खरी चूक त्याच वेळी माझ्या मांडीवर होती. मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. खिडकीची चूक कबूल करणे सोपे होते. खिडकी मला आवडत नव्हती. ते निळे कापड मला आवडले होते. पश्चात्ताप करण्याची सवय म्हणजे स्वतःकडे नीट पाहण्याची सवय, असे मी आयुष्यभर समजत आलो होतो. आता मी तसे म्हणताना थोडा थांबतो.

गोधडी मी टाकून देणार होतो. पत्नीनेच हात धरला. "टाकता कशाला? पोटात माझी साडी आहे. धुवा."

मी धुतली. गोट उसवला नाही. तो धुऊनच स्वच्छ करायचा, असे मी ठरवले. मीठ, तुरटी, गरम पाणी, दगड. पहिले पाणी शाईसारखे निघाले. नंतर ते फिकट होत गेले, पण जो रंग गोटाने सोडला तो पांढऱ्या चौकोनांनी घेतला. माझे खुरासणीचे शेत सगळे धुक्यात गेल्यासारखे दिसू लागले. काही ठिकाणी ढगांसारखे डाग, काही ठिकाणी पिवळ्याचे मळकट हिरवे झालेले. मांडणी करताना मी जे योजले होते त्यातले थोडेच उरले. ते सुंदर झाले असे मी म्हणणार नाही. पाणी मात्र एके दिवशी स्वच्छ निघाले.

"झाली," मी म्हणालो.

"झाली कशी? आधी तुम्ही निजा तिच्यात," पत्नी म्हणाली. "पांढरा बनियन घालून. अंगाला तेल चोळून. आणि निळे झालात तर सांगून ठेवते, मी काही जीप करून जव्हारला नेणार नाही."

मी निजलो. गोधडी बाळाच्या मापाची असल्यामुळे ती मला छातीपासून पोटापर्यंतच पुरत असे. रोज सकाळी पत्नी चहाच्या आधी माझा बनियन दारातल्या उजेडात नेऊन पाही, आणि मुलगी आतून विचारी, "आई, बाबांचा रिपोर्ट काय?" पहिल्या सकाळी काखेपाशी एक अस्पष्ट छटा होती. गोधडी पुन्हा मिठात गेली. नंतरच्या सकाळी काहीच नव्हते, पण मलाच खात्री वाटेना. मी आणखी काही रात्री तसाच निजत राहिलो. तेलाने बनियन पिवळे पडले, निळे पडले नाहीत. तरी गोधडी बाळाजवळ न्यायचे धैर्य मला होईना. मी तिची घडी करून कपाटावर ठेवली.  

मग एका संध्याकाळी मी कार्यालयातून लवकर घरी आलो. मावळतीचे ऊन मागच्या अंगणात अजून होते. मुलीने तिथे चटई टाकली होती आणि चटईवर, कपाटावरून काढलेल्या त्या गोधडीत, बाळ हातपाय हलवत पडले होते. एव्हाना ते चांगले गुटगुटीत झाले होते. मुलगी शेजारी बसून वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि घड्या घालणे चालू ठेवले.

मी चप्पल काढून चटईपाशी बसलो. बोट जिभेला लावून ओले केले आणि गोटावर जोराने घासले. बोट पाहिले. मग दुसरे बोट ओले केले, दुसऱ्या कडेला घासले आणि तेही उन्हात धरून पाहिले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पुरे."

मी बाळाचा एक पाय हातात घेतला. तळवा ऊबदार होता आणि गुलाबी होता, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. बाळाला गुदगुल्या झाल्या असाव्यात. त्याने पाय झटकन ओढून घेतला आणि गोधडीत खुपसला.